शिकराच्या बॉनेटवरचं भोक

१

चोरी झाली होती, आणि स्टुडिओतली एकही वस्तू जागची हलली नव्हती. कपाटाला कुलूप तसंच होतं, आणि मधल्या हॉलमध्ये काळ्या कापडाखाली मातीची गाडी जशीच्या तशी उभी होती. तरीही सोमवारी सकाळी सव्वानऊला ती गाडी साऱ्या देशाच्या मोबाइलवर जाऊन पोचली होती.

मालक परीक्षितनं टॅब टेबलावर आपटला. "वाचा. मतलब, मोठ्यानं वाचा कुणीतरी."

मोठ्यानं वाचायचं काम नेहमी कौमुदीकडे यायचं. तिनं वाचायला घेतलं. मोटारींच्या एका वेबसाइटवर ठळक मथळा होता : 'नवी शिकरा कशी असेल? आमच्या हाती पक्की खबर!'

शिकरा म्हणजे दोन दारांची, बसक्या छपराची स्पोर्ट्स कूपे. सात वर्षांनी ती कात टाकणार होती. दक्षिणेतल्या एका मोटार कंपनीनं तिचं नवं रूप घडवायचं काम जयपूरच्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या या पाच माणसांच्या स्टुडिओला दिलं होतं. कुणाला पत्ता लागू नये म्हणूनच तर इतक्या आडबाजूच्या स्टुडिओला.

"'सहा सिलिंडरचं इंजिन जाणार,'" कौमुदी वाचत गेली. "'त्या जागी चार सिलिंडर, जोडीला विजेची मोटर. बॅटरी ठेवायला मागची सीट काढली आहे, म्हणजे नवी शिकरा फक्त दोघांची. गाडीचं शेपूट आखूड झालं आहे. बॉनेटवर एका बाजूला हवा आत घेणारी गोल खिडकी आहे. आणि स्टिअरिंग डावीकडे आहे. त्यावरून ती आधी परदेशी जाणार हे उघड आहे.'"

खाली वरून पाहिल्यासारखं गाडीचं रेखाचित्र होतं.

"इंजिन बरोबर, सीट बरोबर, शेपूट बरोबर," राघव म्हणाला. इंजिनाची मांडणी त्याच्याकडे होती. "पण ही खिडकी कुठून आली? आणि डावं स्टिअरिंग आपण कधी केलं?"

"ते सोड ना," आतल्या सीटा आणि रंग बघणारी प्रणिता म्हणाली. "बाकीचं कळलं कसं, ते बोल."

परीक्षितची नजर मात्र तन्मयवर जाऊन थांबली होती. चोवीस वर्षांचा तन्मय मूळचा सांगलीचा. नव्या गाडीचा मातीचा नमुना त्याच्या हातचा. आत्ताही त्याच्या नखांत ती करडी माती होती.

"तन्मय, तुझा कॉलेजचा रूममेट याच साइटवर लिहितो ना?"

"लिहितो की. पण सर, मी त्याला..."

"शुक्रवारी दुपारी बारापर्यंत कंपनीला नाव हवंय," परीक्षित म्हणाला. "नाव दिलं नाही तर काम जाणार. आणि नाव दिलं तर ते देशातल्या प्रत्येक स्टुडिओला कळणार. त्या माणसाला मग कुणी दारात उभं करणार नाही."

तन्मयचा चेहरा मातीच्याच रंगाचा झाला.

कौमुदी टॅबकडे बघत राहिली. डाव्या स्टिअरिंगची शिकरा अख्ख्या जगात एकाच कागदावर होती, आणि तो कागद शास्त्री नगरात तिच्या घरी होता.

२

त्याचं झालं असं.

जानेवारीत मातीवर रेषा उमटवायच्या होत्या. त्यासाठी चित्र उलटं छापावं लागतं, आरशात दिसतं तसं. कौमुदीनं मोठी चित्रं छापणारा प्लॉटर उलट्यावर लावला आणि काम झाल्यावर सुलटा करायला विसरली. दुसऱ्या दिवशी मांडणीचं मोठं चित्र छापलं. गाडी वरून कशी दिसते, इंजिन कुठं, मोटर कुठं, माणसं कुठं, सगळं त्या एका चित्रात होतं, आणि ते उलटं छापून आलं. उजव्या स्टिअरिंगची गाडी डाव्याची झाली.

खराब प्रत यंत्रात घालून तिचे तुकडे करायचे आणि रजिस्टरात लिहायचं, असा नियम. कौमुदीनं रजिस्टरात लिहिलं : खराब प्रत एक, नष्ट केली. खाली सही ठोकली.

आणि कागद घरी आणला.

काय करणार! तिच्या वडिलांनी नाशकात शाळेच्या कचेरीत नोकरी केली. उरलेल्या पाठकोऱ्या कागदांच्या वह्या शिवून त्यांनी दोन्ही मुलींना शिकवलं होतं. एका बाजूनं कोरा असलेला कागद फाडताना कौमुदीचा हातच धजायचा नाही. त्यातून हा कागद जाड, पांढराशुभ्र, चटईएवढा. आणि त्या रविवारी संपदाचं बोरन्हाण होतं.

संपदा चौदा महिन्यांची. जयपुरात हलव्याचे दागिने कुठून मिळणार? कौमुदीनं घरीच केले. कागदाची कडेची रुंद पट्टी कापून मुकुट केला, उरलेल्या पट्ट्यांच्या वाक्या केल्या. चित्रातली सगळी उलटी अक्षरं त्या कडेच्या पट्टीत होती. ती हलव्याखाली आणि डिंकाखाली कायमची गाडली गेली. राहिलेला कागद छापलेली बाजू खाली करून तिनं पाटाखाली अंथरला. भाड्याच्या घराची फरशी, डाग पडले तर घरमालकीणबाईंचं कोण ऐकून घेणार?

आपल्याकडची बारकी बोरं मिळाली नाहीत. हातगाडीवरची ती सफरचंदाएवढी, मऊ, हिरवी बेरं आणावी लागली. मराठी मंडळातल्या बायका आल्या, पोरं आली. प्रणिता आणि राघव कुंकू लावून, तिळगूळ घेऊन लवकरच सटकले. राघवला गच्चीवर पतंगाची उरलेली हौस भागवायची होती. पाचपर्यंत घर रिकामं झालं. संपदा पेंगुळली म्हणून कौमुदी तिला घेऊन आत गेली. बाहेर पसारा आवरायला नवरा निनाद आणि शेवटपर्यंत थांबलेला तन्मय होता.

"ताई, तुम्ही झोपवा तिला. आम्ही बघतो सगळं," तन्मय म्हणाला होता.

त्यानंतर तो कागद कौमुदीनं पाहिलाच नव्हता. मोरीच्या वरच्या फळीवर रद्दीचा गठ्ठा असतो, त्यात गेला असेल. सोमवारी संध्याकाळी घरी आल्यावर ती त्या फळीखाली उभी राहिली. स्टूलही ओढलं. मग संपदा रडली आणि स्टूल तसंच राहिलं. रद्दीवाला येऊन गेला असेल. कदाचित आणखी कुणाची प्रत उलटी आली असेल. बघितलंच नाही तर माहीत नाही असं म्हणता तरी येतं.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओच्या दारात एक म्हातारी बाई चपला काढत उभी होती.

३

सुलोचनाबाईंनी आदर्श नगरात राहून विमा कंपनीत तीस वर्षं अपघाताचे दावे तपासले होते. चेपलेल्या गाडीकडे बघून मालक खोटं कुठं बोलतोय हे त्या सांगायच्या. चोर शोधायला परीक्षितनं त्यांनाच बोलावलं होतं. मूळच्या अमरावतीच्या. इतकी वर्षं राजस्थानात काढली तरी जिभेवरचं वऱ्हाड हललं नव्हतं. परीक्षितला त्यांनी मंडळाच्या गणपतीत चड्डीत नाचताना पाहिलेलं.

"पोलिसात काहून नाही गेला बे?" त्यांनी त्याला पहिलाच प्रश्न विचारला.

"काकू, पोलिसात गेलो तर पेपरात येईल. मतलब, अजून बोभाटा."

"मग चहा सांग. आलं टाकून."

एकेकाला त्यांनी समोर बसवलं. बाकीचे काचेच्या भिंतीपलीकडे काम करायचं नाटक करत होते. आवाज सगळा ऐकू येत होता.

राघव छाती काढून बसला. "मला चोरी करायची असती तर मी इंजिनाची ताकद सांगितली असती, काकू. ती बातमीत कुठंय? नुसतं 'चार सिलिंडर'. चार गोल तर कुणीही मोजेल."

"हे शहाण्यासारखं बोलला तू," सुलोचनाबाई म्हणाल्या. "जा."

प्रणितानं डोळ्यांत पाणी आणलं. बाईंनी तिला रुमाल दिला आणि विचारलं, "बातमीत आतल्या रंगाबद्दल काहून नाही काही?"

"कारण ते चित्रात नसतं. रंगाची फाइल वेगळी."

"म्हणजे ज्यानं सांगितलं त्यानं फक्त ते एक चित्र पाहिलं. जा, डोळे पूस."

तन्मय बसला तो हात मांड्यांखाली घालून.

"भ्यायला का?"

"होय."

"चोरी केली?"

"नाही. पण आता मलाच वाटायला लागलंय की झोपेत केली असंल. सगळे तसंच बघायलेत."

"रूममेटशी बोलणं झालं?"

"त्याला सोमवारी फोन केला, विचारलं कुणी दिलं. म्हणाला, एका गाडीवेड्यांच्या ग्रुपवर फिरत फिरत आलं, मूळ कुणाचं ठाऊक नाही. सर म्हणतात, मित्र आहे, तो असंच बोलणार."

मग कौमुदी. तिच्या समोर रजिस्टर उघडं होतं. बाईंचं बोट त्या ओळीवर होतं.

"ही खराब प्रत. खराब म्हणजे कशी?"

"उलटी छापली गेली होती." इथं खोटं बोलून चालणार नव्हतं, प्लॉटरच्या नोंदीत ते दिसतंच.

"उलटी. म्हणजे स्टिअरिंग डावीकडे."

"हो."

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. पलीकडच्या पाळण्याच्या खोलीतून संपदाच्या हसण्याचा आवाज आला. ती खोली परीक्षितनं केवळ कौमुदीसाठी काढून दिली होती. बाळंतपणानंतर ती नोकरी सोडणार होती, तेव्हा तोच म्हणाला होता, "पिल्लूला इथेच आण की."

"आणि ती प्रत तू फाडली?"

काचेपलीकडे तन्मय मातीवरून पातळ पट्टी फिरवत होता, एकाच जागी, पुन्हा पुन्हा.

"हो," कौमुदी म्हणाली. "फाडली. सही आहे ना माझी."

४

बुधवार नुसता धुमसत गेला. गुरुवारी दुपारी सुलोचनाबाईंनी सगळ्यांना मातीच्या गाडीभोवती उभं केलं. काळं कापड काढलेलं होतं. बाईंच्या हातात बातमीतलं रेखाचित्र होतं.

"हे पाहा. मी गाडीतली इंजिनिअर नाही, पण खोट्यातली आहे. ह्या बातमीत तीन गोष्टी खऱ्या, दोन खोट्या. मी खऱ्या सोडल्या. खऱ्या तर कुणालाही सापडतात. चूक ज्याची त्याची असते."

"म्हणजे?" राघवनं विचारलं.

"स्टिअरिंग घे. तू, ही प्रणिता, हा पोट्टा, तुमच्यापैकी कुणी 'डावीकडे' म्हणेल का? ह्या पोट्ट्यानं उजवीकडचं स्टिअरिंग स्वतःच्या हातानं मातीत बसवलं. ज्यानं बातमी दिली त्याला गाडीतला ग सुद्धा माहीत नव्हता. त्यानं फक्त कागद पाहिला, तोही उलटा. आणि वरून अक्कल चालवली, की बाप्पा, डावं स्टिअरिंग म्हणजे परदेशी माल!"

प्रणिता हसली, मग गप्प झाली.

"म्हणजे बाहेरचा माणूस," तन्मय हळूच म्हणाला. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यानं मान वर केली होती.

परीक्षितनं डोकं हलवलं. "काकू, सुंदर आहे हे. पण उलटी प्रत एकच होती, आणि ती फाडली. रजिस्टरात लिहिलंय, कौमुदीची सही आहे. कौमुदी खोटं लिहिणार नाही. मग उलटा कागद बाहेर गेलाच नाही. मतलब काय उरलं? आतल्या माणसानं मुद्दाम उलटं सांगितलं, म्हणजे संशय बाहेरच्यावर जावा. आणि ती उलटी प्रत तन्मयनं पाहिली होती. प्लॉटर त्याच्या शेजारीच आहे."

बाईंनी कौमुदीकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"आणि ही खिडकी?" त्या पुटपुटल्या. बोट रेखाचित्रातल्या बॉनेटवर होतं. "स्टिअरिंग उलट्या छपाईतून आलं. पण हे गोल भोक ना सुलट्या चित्रात, ना उलट्या. हे पाडलं कुणी?"

"माझ्याकडे उद्या बारापर्यंतच वेळ आहे," परीक्षित म्हणाला. "तन्मय, तू घरी जा. उद्या अकराला ये."

दारापाशी सगळ्यांचे मोबाइल पेटीत जमा असत; तन्मय त्यातून आपला फोन काढत होता. कौमुदी मागोमाग गेली. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं.

"तन्मय..."

"ताई, तुम्ही नका रडू," तो म्हणाला. "तुम्ही एकट्याच माझ्यासाठी एवढं लावून घेतलंय. आईला सांगितलं मी. निघालीय ती सांगलीहून. संपूला माझ्याकडनं पापा द्या."

तो गेला. सीकर रोडवर ट्रकांची रांग लागली होती. कौमुदीला वाटलं, आत्ता हाक मारावी. आत्ता. तिनं ओठ उघडलेही. मग आठवलं, संपदाला पाच वाजता भरवायचं असतं, आणि त्या आठवणीचा तिनं आधार घेतला. पोरीच्या आड लपले मी, हे तिला रिक्षात बसल्यावर कळलं.

५

घरी आली, संपदाला खाली ठेवलं आणि थेट स्टूल ओढून मोरीच्या फळीवरचा गठ्ठा खाली ओढला. वर्तमानपत्रं, पुठ्ठे, दिवाळीतली खोकी. सगळ्यात खाली चार घड्या घातलेला जाड कागद.

रद्दीवाला आलाच नव्हता.

तिनं तो फरशीवर उलगडला. छापलेली बाजू वर. चार गोल सिलिंडरांचे, शेजारी मोटरचा चौकोन, दोनच सीटा, स्टिअरिंग डावीकडे. आणि बॉनेटवर...

कौमुदी गुडघ्यांवर बसली.

बॉनेटवर एक गोल होता. बांगडीएवढा, तांबूस, कडेला गडद. तिनं कागद पलटला. कोऱ्या बाजूला त्याच जागी चिरडलेल्या बेराची साल अजून चिकटलेली होती. बायकांनी ओवाळताना त्या बेराला कुंकू लागलं होतं, संपदानं त्यावर बैठक मारली होती, आणि लाल रस कागदातून झिरपून पलीकडे गोल होऊन उमटला होता.

लाल पेन्सिलीनं खूण करावी, अगदी तसा.

आता तिच्या डोक्यात चाकं फिरू लागली, आणि थांबवता येईनात. ज्यानं बातमी दिली त्यानं हा डाग पाहिला होता. म्हणजे बोरन्हाण झाल्यानंतर पाहिलं. मंडळातल्या बायकांनी नाही, पोरांनी नाही. तोवर कागद पालथा होता आणि वर पाट होता. प्रणिता आणि राघव तर आधीच गेलेले. कागद उचलताना होते ते दोघंच. त्यातल्या एकानं गाडी स्वतःच्या हातानं घडवली होती. त्याला ना स्टिअरिंग चुकलं असतं, ना बेराच्या डागाची खिडकी वाटली असती.

दोनातून एक गेला.

दारात किल्लीचा आवाज झाला. निनाद आला. त्यानं संपदाला उचललं, आणि मग फरशीवरचा कागद पाहिला.

"अरे, हा अजून आहे?"

"तू याचा फोटो काढलास?"

तो संपदाचे केस नीट करू लागला. तेवढं पुरे होतं. कौमुदीनं तरी विचारलं, पुन्हा एकदा, नीट.

"तन्मय पाट ठेवायला आत गेला तेव्हा पलटून पाहिला, आणि आमच्या गाड्यांच्या ग्रुपवर टाकला," तो म्हणाला. "पाच मिनिटांत काढलासुद्धा. मला वाटलं, जरा... अगं, तू दोन वर्षं काय करतेस ते कुणाला सांगता येत नाही. सगळ्यांच्या बायकांचं काय काय चालू असतं. मी फक्त लिहिलं, ही बघा येतेय, आणि लाल खुणेची खिडकी नवीन दिसतेय. मला खरंच वाटलं की तुमच्या कुणीतरी लाल पेन्सिलीनं..."

"आणि सोमवारी बातमी आली तेव्हा?"

"तेव्हा भ्यालो."

"तन्मयचं नाव जातंय उद्या. त्यानं तुझ्याबरोबर पाट उचलला रे."

निनाद खाली बसला. संपदा त्याच्या खिशातलं पेन काढायला बघत होती.

"कौमू, मला एक सांग," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, म्हणूनच लागला. "तूच तो अंथरलास ना? मुलीच्या बुडाखाली, गावभरच्या बायकांसमोर. इतकं गुपित असतं तर अंथरलं असतंस का? मला वाटलं, झालं असेल जुनं."

कौमुदीनं कागदाची दुमडलेली कड सरळ केली.

"कुणी पाहिला नाहीये हा अजून," थोड्या वेळानं निनाद म्हणाला. "फाडून टाकू. तुझी नोकरी, पाळण्याची खोली, सगळं..."

"फाडला असंच लिहिलंय मी," कौमुदी म्हणाली. "त्याच एका ओळीवर तो पोरगा अडकलाय."

तिनं कागदाची घडी घातली, बेराची साल पडणार नाही अशी.

६

शुक्रवारी पावणेअकरा वाजता तिनं तो परीक्षितच्या टेबलावर उघडला. निनाद बाहेरच्या बाकावर संपदाला घेऊन बसला होता. आपणच सांगतो म्हणाला होता, पण तिनं त्याला आत येऊ दिलं नाही. सही तिची होती.

तिनं सगळं सांगितलं. सुलोचनाबाईंनी फक्त एकदा वाकून डागाला नाक लावलं आणि मान हलवली.

"बेर," त्या म्हणाल्या. "मी दोन दिवस इंजिनची पुस्तकं पाहून राहिली होती, हवेच्या खिडक्यांची! घ्या."

"काकू, तुम्हाला माहीत होतं?" परीक्षितनं विचारलं.

"उलटी प्रत फाडली नाही, इतकं मंगळवारीच कळलं. हिनं 'हो' म्हणायच्या आधी काचेतून पोट्ट्याकडे पाहिलं. पण कागद नव्हता ना हातात. कागदाशिवाय तू हिच्या सहीपुढं माझं ऐकलं असतं का? काल सांगितलं तर ऐकलं का तू?" त्या कौमुदीकडे वळल्या. "मी वाट पाहत होती. आज अकराच्या ठोक्याला मीच बोलणार होती. तू पंधरा मिनिटं आधी आली."

पंधरा मिनिटं. शाबासकी होती की हिशेब होता, कौमुदीला कळलं नाही.

परीक्षितनं रजिस्टर मिटलं. तो बोलला तेव्हा त्याची भाषा बदललेली होती.

"कंपनीला मी तुमचं नाव कळवतो. तुमच्या मिस्टरांचं पण. आजपासून तुम्ही येऊ नका. पाळण्याच्या खोलीतलं सामान न्या." आजवर तो तिला 'तू' म्हणत आला होता.

"हो," ती म्हणाली.

"का, कौमुदी?" मधेच त्याचा जुना आवाज निसटला. "सोमवारी सांगितलं असतं तर, मतलब, मी ओरडलो असतो. बस. ओरडलोच असतो फक्त."

ती बाहेर आली तेव्हा तन्मय हॉलमध्ये गाडीशेजारी उभा होता. काचेतून त्याला सगळं ऐकू आलं होतं. राघव त्याच्या खांद्यावर थाप मारत होता, प्रणिता काहीतरी बोलत होती. तो दोघांकडेही बघत नव्हता.

"ताई, कधी कळलं तुम्हाला?"

"निनादचं काल. कागदाचं..." हे शेवटचं खोटं टाळायची संधी होती. "कागदाचं सोमवारी. मी बातमी वाचली तेव्हाच."

"सोमवारी," तो म्हणाला. "काल मी तुम्हाला म्हणालो, रडू नका."

"हो."

त्यानं खिशातून फोन काढला. आज तो पेटीत ठेवायला कुणी सांगितलं नव्हतं. "आई पुण्यात पोचलीय. दुपारची गाडी आहे तिची इकडं. काय सांगू तिला? मला नाही जमायचं सांगायला. तुम्हीच सांगा."

त्यानं नंबर लावला आणि फोन तिच्या हातात दिला.

"तन्या?" पलीकडून बाईमाणसाचा घाईचा आवाज आला, मागं स्टेशनचा गोंगाट. "जेवलास का रं?"

"मी तन्मय नाही, काकू. मी कौमुदी, त्याच्या ऑफिसातली. तुमच्या मुलानं काही केलेलं नाही. चूक माझी होती, माझ्या घरातून झाली. त्याचं नाव कुठंही जाणार नाही. तुम्ही..." पुढं काय म्हणायचं, तिला सुचेना. येऊ नका? या?

पलीकडे कुठल्या तरी गाडीची घोषणा होऊन गेली.

"सोमवारी रात्री फोन आला त्याचा," मग त्याची आई, रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "मी काय म्हणाले ठावं हाय त्याला? म्हणाले, केलं असशील तर कबूल कर, पाय धर साहेबांचे. तो म्हणाला, आई, मी नाही केलं. मी म्हणाले, मग सगळे कसं म्हणत्यात? तीनदा इचारलं बाई मी त्याला. माझ्या पोराला, तीनदा. त्याला द्या फोन. जरा द्या त्याला."

कौमुदीनं फोन पुढं केला.

तन्मयनं फोनकडे पाहिलं, आणि मान हलवली. नाही. तो गाडीकडे वळला आणि काळं कापड चारी कोपरे जुळवून अंथरू लागला.

"दिला का?" पलीकडून आवाज येत होता. "तन्या? आहेस का तू?"

बाहेर बाकावर संपदानं आईला काचेतून पाहिलं आणि दोन्ही हात वर केले. कौमुदी फोन कानाला लावून तशीच उभी राहिली. ठेवता येत नव्हता.